ओळंब्यातली भिंत

जागा मिस्त्रींची, कागदपत्रं मिस्त्रींची आणि त्यावरची खोली मात्र पुतण्याची! सगळं ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मार्ग आहेत, काका. बांधकाम चालू असतानाच आला असता तर मनाई हुकूम मागता आला असता. आता बांधकाम पाडून जागा मोकळी करून मागायची, नाहीतर भरपाई घ्यायची. पण पाडा म्हटलं की कोर्ट आधी विचारेल, तुम्ही हरकत कधी घेतलीत?"

"पहिल्याच दिवशी!" मिस्त्री ताठ बसले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, गाढवा, भिंत वाकडी चाललीय."

शेजारी बसलेल्या लेकीने डोळे मिटले. नवऱ्याचं घर सोडून ती कायमची आली होती, आणि परसातल्या त्याच तुकड्यावर बाप तिला दोन खोल्या बांधून देणार होता.

मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना पुतण्याने डाव साधला होता. परत येऊन बघतात तो भिंती कमरेएवढ्या. बिचारे भांडायलाच गेले होते, पण नवा डोळा नेमका कोपऱ्यावर गेला आणि जन्माची खोड उसळून आली. घरातून ओळंबा आणला, दोरी सोडली, वाकडे थर उतरवायला लावले आणि थापी घेऊन स्वतःच पुन्हा चढवले. पुतण्या "काका, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा" म्हणत विटा देत राहिला. भांडण राहूनच गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"त्याच्याकडे याचा फोटो वगैरे?"

"आहे ना. मीच म्हटलं, कोपरा नीट दिसू दे."

वकीलबाई हसल्या नाहीत. "दावा लावू आपण. पण मालकानेच हातभार लावला म्हटल्यावर कोर्ट पाडायला सांगेल असं वाटत नाही. जागेची किंमत मिळेल फार तर. त्यात दुसरीकडे काही येणार नाही."

दोघं घरी आले. फाटकाशी लेक थांबली.

"बाबा, भिंत वाकडी दिसली तुम्हाला. मी नाही दिसले?"

ती आत निघून गेली. मिस्त्रींना रडू आवरेना. परसात जाऊन त्यांनी त्या भिंतीला दोन्ही हात लावले आणि सगळा जोर लावून ढकललं.

"पड की गं बाई," ते म्हणाले.

ती पडणार नव्हती. तो कोपरा त्यांनी स्वतः बांधला होता.