डाव्या वळणाचा मणी

भाची शाळेत शिकवायची. मुलांची सहल संग्रहालयात न्यायची होती, म्हणून आधी स्वतः एकदा बघून येऊ असं तिने ठरवलं आणि सोबतीला मावशीला घेऊन गेली. मावशी एकसष्ट वर्षांची. उभ्या जन्मात तिने संग्रहालय पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं ती घराच्या मागच्या खोलीत गॅसच्या बत्तीपुढे बसून, ज्योतीत काच वितळवून मणी करत होती, आणि मान आखडली की तेवढ्यापुरती उठत होती.

दुसऱ्या मजल्यावर दागिन्यांचं दालन होतं. एका पेटीत मळकट पांढऱ्या कापडावर दोन मणी ठेवले होते. एक खोदकामात सापडलेला, कडा झिजलेला. दुसरा धडधाकट: गडद निळ्या काचेवर पांढऱ्या रेघा, पिसासारख्या ओढलेल्या आणि ओढता ओढता तिरक्या वळलेल्या. भाचीने पाटी वाचली. "एका वृद्ध कारागिराने घडवलेला अखेरचा मणी. ही कला त्यांच्याबरोबर लुप्त झाली."

मावशी इतकी वाकली की तिचं नाक पेटीला टेकलं.

"बाई, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"हात कुठे लावलाय, नाक लावलंय." ती तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली. "हा मणी माझा आहे."

"इथलं सगळं सरकारचं आहे."

"असेल सरकारचं. केलाय मी."

भाचीने तिला हाताला धरून बाजूला घेतलं. मावशी चेष्टा करत नव्हती. "रेघा बघ कुठे वळल्यात," ती म्हणाली. "मी डावरी. मणी जिच्यावर होतो ती तार सगळे कारागीर डाव्या हातात धरतात आणि काचेची कांडी उजव्यात. माझं नेमकं उलटं. म्हणून माझ्या मण्याचं वळणही उलटं पडतं. मणी पालथा धर, उताणा धर, वळण बदलत नाही. जिना दोन्ही टोकांनी बघितला तरी एकाच बाजूला वळतो ना, तसं. आमच्या घरात डावरी मी एकटी."

त्या दोघी तशाच अधिकाऱ्याच्या खोलीत गेल्या. अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. असे दावे करणारे पुष्कळ येतात, असं त्याने मऊपणानेच सांगितलं. भाची मात्र खनपटीलाच बसली. शेवटी त्याने कपाटातून पस्तीस वर्षांपूर्वीची फाईल काढली आणि वाचून दाखवली. मणी देणाऱ्या कारागिराचा जबाब होता. "माझ्या पश्चात ही कला जाणणारा कोणीही नाही. घरात एक मुलगा आहे, त्याला ती येत नाही."

खाली सही होती मावशीच्या सासऱ्यांची. शेजारी साक्षीदाराची सही, तिच्या नवऱ्याची.

"मुलाला येत नाही हे खरं आहे," मावशी म्हणाली.

तिला बत्तीपुढे बसवलं होतं ते सासऱ्यांनीच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मुलाच्या हाताला दम नव्हता, काच तापायच्या आत तो तार फिरवायचा. सून मात्र दाराशी उभी राहून तासन् तास बघायची. एक दिवस त्यांनी कांडी तिच्या पुढे धरली. तिने ती डाव्या हाताने घेतली. महिनाभर त्यांनी तिचा हात बदलायचा प्रयत्न केला आणि शेवटी एका सकाळी स्वतःच बत्ती उचलून टेबलाच्या दुसऱ्या अंगाला लावून दिली. "आता बस तुझ्या सवयीने," म्हणाले. तोच माणूस कागदावर म्हणत होता, कोणीही नाही. त्या वेळी ती रोज चाळीस मणी करत होती.

घरी आली तेव्हा नवरा चाळणीने मणी वेगळे करत बसला होता. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं, आणि बाजारात नेऊन विकणं.

"अहो, संग्रहालयाच्या कागदावर तुम्ही सही केली होती?"

चाळणी थांबली. "बाबा म्हणाले कर. केली."

"वाचून?"

"वाचून." त्याने मान वर केली नाही. "संग्रहालयवाल्यांना बाबांच्या हातचा मणी हवा होता, आणि त्यांना तेव्हा दिसत नव्हतं गं. तार ज्योतीत धरायची सोडून भलतीकडेच धरायचे. बाहेर कळलं असतं तर धंदा बसला असता. आणि सुनेला बत्तीपुढे बसवलंय म्हटलं असतं, तर लोक हसले असते. म्हणून तुझा एक मणी दिला आणि विषय मिटवला."

"मला विचारायचं तरी."

"तेव्हा कोण विचारत होतं?" तो जरा चिडलाच. "बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. आता एका पाटीपायी त्यांची अब्रू काढणार आहेस का?"

"त्यांची अब्रू त्यांच्या मण्यांत आहे, ट्रंकभर. माझ्या मण्यात कशाला ठेवायची?"

त्यानंतर दोन दिवस त्याने आपला चहा आपणच केला, आणि तो इतका कडू केला की त्याचा त्यालाच तो पिववेना.

मावशी मात्र अधिकाऱ्याकडे जात राहिली. पहिल्यांदा तो म्हणाला अर्ज करा. भाचीने अर्ज लिहून दिला. मग म्हणाला पुरावा जोडा. मावशीने दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग होते, उजव्यापेक्षा डाव्यावर जास्त. "हे जोडता येतील का बघा," ती म्हणाली. शेवटी त्याने बाहेरून काचकामाचा एक तज्ज्ञ बोलावला आणि प्रात्यक्षिकाचा दिवस ठरवला. इमारतीत ज्योत पेटवायला मनाई होती, म्हणून मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली.

त्या सकाळी ती सामान बांधत होती तेव्हा नवऱ्याने काही न बोलता गॅसची टाकी उचलून रिक्षात ठेवली आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरला खेटून बसला.

अंगणात टेबल मांडलं. तिने काळसर चष्मा चढवला, बत्ती पेटवली आणि मातीचा लेप दिलेली तार उजव्या हातात घेतली. डाव्या हातातल्या कांडीचं टोक ज्योतीत लोंबायला लागलं, तसं ती ते तारेवर टेकवून तार फिरवू लागली. काच मधासारखी गुंडाळली गेली. ज्योतीत निळी काच निळी राहत नाही, नारिंगी होते. पांढरीही नारिंगी होते. कुठली रेघ कुठे आहे ते डोळ्यांना कळेनासं होतं, हातालाच लक्षात ठेवावं लागतं. मणी गोल झाला तो तिने लोखंडी पट्टीवर लोळवला, त्यावर पांढरे वेढे घातले, पुन्हा तापवला. मग दाभणाच्या टोकाने, तार फिरती ठेवून, रेघा ओढल्या. एक ओढ पुढे, एक मागे. घाई नाही, थांबणं नाही. या क्षणासाठीच ती इतकी वर्षं त्या खोलीत बसली होती. काच ऐकते. जराशी, दोन-चार श्वास, पण त्या वेळी ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढत ओढत इतका जवळ आला होता की तिने त्याला कोपराने मागे सारलं.

मणी तिने गरम राखेच्या डब्यात खुपसला.

"दाखवा," अधिकारी म्हणाला.

"उद्या."

"तज्ज्ञ बाहेरून बोलावलेत, बाई. आजच बघायला हवं."

"आत्ता काढला तर तडकेल. तुमचे तज्ज्ञ उद्या परत येतील, मणी परत येणार नाही."

"पण रात्रीत कोणी बदलला तर?"

"मग डबा तुम्हीच सांभाळा."

डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावली, तिच्यावर अधिकाऱ्याने सही केली आणि डबा त्याच्या कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाने पेटीतला मणी आणि राखेतला मणी शेजारी शेजारी ठेवले. भिंगातून बघितलं. उलटे करून बघितले. शेवटी भिंग खिशात घातलं. "दोन्ही एकाच हाताचे आहेत. आणि तो हात डावा आहे."

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "मग आपण पाटीत दुरुस्ती करू. लुप्त झाली याऐवजी लुप्तप्राय."

"म्हणजे काय?"

"जवळजवळ लुप्त."

"मी जवळजवळ आहे का?"

भाचीने तोंडावर पदर धरला. अधिकाऱ्याने ते वाक्य खोडलं. "बरं. वृद्ध कारागिराच्या सुनेने घडवलेला मणी. हे चालेल?"

"सून मी घरात. बत्तीपुढे कारागीर. आणि नाव घाला."

नवरा भिंतीशी उभा होता. अधिकाऱ्याने त्याच्याकडे आशेने पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी एकदा सही करून चुकलोय," तो म्हणाला. "तिचं तिला विचारा."

नवी पाटी मंजूर व्हायला सहा महिने लागतात, असं अधिकाऱ्याने सांगितलं. मावशी खुर्चीवरून उठली नाही. "लागू देत. पण तोवर खोटी पाटी ठेवायची नाही. आज काढायची, माझ्यासमोर." बराच वेळ तो नियम सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. दुपारी पहारेकऱ्याने पेचकस आणून चारही स्क्रू काढले.

नवी पाटी लागली ती आठव्या महिन्यात. त्यावर कारागीर म्हणून तिचं पूर्ण नाव होतं, आणि खाली एक ओळ: ही कला आजही चालू आहे. ती ओळ पुढेही खरी राहावी म्हणून तिने मधल्या काळात दोघी जणींना मागच्या खोलीत शिकायला बसवलं होतं. पाटीवर सासऱ्यांचं नावही राहिलं, शिकवणारे म्हणून. ते तिनेच घालायला सांगितलं होतं. त्यांना माफ केलं का, असं भाचीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "शिकवलं ते खरं, म्हणून लिहिलं. बाकीचं माझं मी बघेन."

नवऱ्याने पाटी दोनदा वाचली, मग पेटीत डोकावला. "भोकापाशी बुडबुडा आहे गं."

तिलाही तो दिसला होता. तिने अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. "हा काढा. तेव्हाचा हात कच्चा होता. याहून चांगला आणलाय मी."

"नोंद झालेली वस्तू बदलता येत नाही, बाई."

"मग हा शेजारी ठेवा," ती म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून नवा मणी काढून त्याच्या तळहातावर ठेवला.