हातभर सळाख

"बाई वो, मोटरच्या पाइपाले हात लागला का मुंग्या येऊन राहिल्या. पोट्टीले दूर ठेव," असं रोवणीच्या दिवसांत रुख्मानं ओमेश्वरीला बजावलं होतं. रुख्मा शेतावर मजुरीला येणारी. ओमेश्वरी बी.एस्सी. झालेली, ती हसली. "हात ओले असतील तुझे!"

मे महिन्यात तिची दोन वर्षांची लेक रुची तोच पाइप धरून किंचाळली. ओमेश्वरीनं धावत जाऊन मेन पाडला, तेव्हा कुठं पोरीचा हात सुटला. दुसऱ्या दिवशी तिनं आमगावहून टिकेश वायरमनला मीटर घेऊन बोलावलं.

बोअर सामाईक. अर्धा तिच्या घरचा, अर्धा भासऱ्याचा. भासरा म्हणजे दुर्गाप्रसाद, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही घरची रीत. नवरा गोंदियाच्या राइस मिलवर. मग सगळं भांडण टिकेशच्या खांद्यावरून झालं.

"टिकेश, तिले इचार, हे दुकान कायले मांडलं?"

"टिकेशभाऊ, त्यायले सांगा, माही पोरगी मरता मरता वाचली."

"अर्थिंगची सळाख म्या सोता ठोकली. आठ फुटी! कालेजात गेली म्हणून जमिनीखालचं दिसते का तिले?"

टिकेशनं मेन पाडला, सळाखीची तार सोडली, भाताच्या भेगाळलेल्या बांधीत दूरवर दोन खुंट्या ठोकल्या अन् मीटरचं बटण दाबलं.

"तीनशे चाळीस ओहम. पाचाच्या आत पायजे, दुर्गाभाऊ. गळका करंट जमिनीत जातच नाई, पाइपात बसून राहते."

दुर्गाप्रसाद तणतणत घरात गेले. खडेमीठ आणून सळाखीच्या बुडाशी ओतलं, वरून दोन बादल्या पाणी.

"आता मोजून पाय."

"नव्वद."

"उतरलं का नाई? आखीन दोन बादल्या टाकतो. तिले म्हण, माफी मांग!"

"भाऊ, त्यायले इचारा, रोज मीठ कोण घालीन?"

"तिले म्हण, बापाले बोलाव!"

ओमेश्वरी पदर खोचून उठली. चिखलात हात घालून तिनं सळाख हलवली, तर आठ फुटांची सळाख मुळ्यासारखी उपटून हातात आली. हातभर! खाली मुरूम लागला म्हणून ठोकणं तिथंच थांबलं होतं, अन् उरलेली सळाख वरून कापून टाकली होती.

टिकेशला हसू आवरेना. तिथंच बिनसलं.

"टिकेश, तिले सांग, आजपासून ह्या पाण्याले शिवाचं नाई!"

संध्याकाळपर्यंत बोअरभोवती बोराट्यांचं कुंपण उभं राहिलं. ओमेश्वरी आता गावच्या हातपंपाचं पाणी भरते. पोरगी कडेवर आहे, तिला तेवढं पुरे. पण दुर्गाप्रसादांनी ती सळाख होती तिथंच परत रोवलीय. रोज सकाळी उघड्या पायांनी तोच पाइप धरून आंघोळ करतात. घरात एकटेच.

तिला हाक मारता येत नाही. म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, तसं तुम्हालाही सांगते आहे. त्या वाटेनं गेलात तर कुंपणाबाहेरूनच विचारा, "दुर्गाभाऊ, घरात हाव का जी?" पाइपाला हात लावू नका. आतून काय आलं, तेवढं तिला येऊन सांगा. शिवी आली तरी चालेल.