अण्णांचा ठिपका

“डिस्क मेली आणि तुझा ठिपका हिरवाच?” डेटाबेसवाली त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “थट्टा करतोय का हा आपली?”

समोरच्या मोठ्या पडद्यावर कंपनीच्या सगळ्या सर्व्हरांचे ठिपके ओळीने लागले होते, आणि त्यात गोदामाच्या सर्व्हरचा ठिपका कसा, तर नुकत्याच न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा टवटवीत. प्रत्यक्षात त्या सर्व्हरची डिस्क सकाळीच बसली होती. गोदामात पार्सलांचा ढीग साचलेला, ट्रक दारात अडकलेले, ड्रायव्हर शिव्या घालताहेत, आणि कुठलं पार्सल कुठल्या गावी जायचं हे कोणालाच ठाऊक नाही.

ऑफिसात त्याला सगळे चौकीदार म्हणत. काम तसंच होतं. सर्व्हरांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर त्याच्या ताब्यात असे. दर काही मिनिटांनी ते प्रत्येक सर्व्हरला हाक मारायचं. ओ आली की ठिपका हिरवा, नाही आली की लाल, आणि लाल झाला की चौकीदाराच्या मोबाईलवर अलर्ट. विकतच्या सॉफ्टवेअरला जे जमत नसे त्यासाठी तो स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहायचा, आणि त्यांचा त्याला कोण अभिमान! माणूस तसा मुखदुर्बळ, चारचौघांत कोपरा धरणारा. पण स्क्रिप्टबद्दल कोणी विचारलं की गाडी थांबायची नाही. शेवटी विचारणाराच घड्याळ बघायला लागायचा.

मॅनेजरबाई केबिनमधून बाहेर आल्या. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, म्हणून त्यांची जास्त भीती वाटे.

“डिस्कचं काय ते बघू,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, बाकीच्या हिरव्या ठिपक्यांवर मी विश्वास ठेवायचा की नाही?”

“बघतो मॅडम.”

“बघा. आजच बघा.”

डेटाबेसवालीनं स्टूल ओढलं आणि दोघं स्क्रिप्ट वाचायला बसली. तपासणी बरोबर होती. डिस्कचं नाव बरोबर होतं. वरून खाली, खालून वर, दोनदा वाचून झालं. मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

“ही शेवटची ओळ काय करते रे?”

“नोंद लिहिते. काय झालं ते फाईलमध्ये टाकते.”

“आणि नोंद लिहून झाली की?”

“झाली की संपलं. स्क्रिप्ट…” तो बोलता बोलता थांबला.

सॉफ्टवेअर काही स्क्रिप्टची सगळी कहाणी ऐकत बसत नाही. शेवटचं काम नीट पार पडलं का, एवढंच ते विचारतं. स्क्रिप्टनं डिस्क तपासली, डिस्क मेलेली निघाली. मग तिनं इमानेइतबारे ते फाईलमध्ये लिहून ठेवलं. लिहिण्याचं काम सुरळीत झालं, म्हणून तिनं सॉफ्टवेअरला कळवलं, सगळं सुरळीत आहे. घराला आग लागल्याची नोंद सुवाच्य अक्षरात केली म्हणून शाबासकी मिळवावी, तसली ही तऱ्हा.

डेटाबेसवालीला हसू आवरेना. “शाब्बास चौकीदार! आणि ही ओळ आणखी कुठेकुठे चिकटवलीयस?”

“बऱ्याच ठिकाणी.”

“पहिल्यांदा कुठे लिहिलीस?”

त्यानं माऊस सोडून दिला. त्याला आठवलं.

आई गेली तेव्हा वडील आपल्या घरी एकटे राहिले. अण्णांना इथे आणायचं त्याच्या मनात होतं, पण अण्णा म्हणाले, तुझ्या त्या एका खोलीत मी काय भिंतीला टेकून उभा राहू? मग त्यानं आपला जुना कॉम्प्युटर नेऊन त्यांच्या टेबलावर मांडला, पत्त्यांचा खेळ शिकवला, आणि निघताना सांगितलं, “अण्णा, हा चालू असला की मला तिथं हिरवा ठिपका दिसेल. बंद झाला की कळेल. मी लगेच फोन करीन.” एकदा वीज गेली आणि खरोखरच त्याचा फोन गेला. अण्णा हरखले. “अरे, मी अजून मेणबत्तीच शोधतोय, आणि तुला कळलंसुद्धा?” लहान मुलासारखे हसत होते.

त्यानंतर मात्र अण्णांचा कॉम्प्युटर वारंवार बंद पडायला लागला. वीज असायची, मशीनही धडधाकट असायचं. “चुकून हात लागला बघ,” अण्णा म्हणायचे, आणि मग पाऊण तास बोलायचे: खालच्या मजल्यावरचा कुत्रा, महागलेली औषधं, आईचा चष्मा कपाटात सापडला ते. त्याला ते आवडायचं. खरं सांगायचं तर त्या परक्या शहरात तेवढंच त्याचं आपलं बोलणं होतं. पण अलर्ट यायचे ते नेमके मीटिंगमध्ये. सगळ्यांसमोर मोबाईल थरथरायचा आणि कोणीतरी म्हणायचं, “चौकीदाराचा चोर आला वाटतं.” शेवटी एका वैतागलेल्या दुपारी त्यानं ती स्क्रिप्ट बदलली. थोडा वेळ बंद असला तर नुसती नोंद करायची, अर्धा दिवस बंद राहिला तरच अलर्ट. तेव्हाच ती शेवटची ओळ लिहिली गेली. ठिपका मग कायमचा हिरवा झाला, त्यालाही हायसं वाटलं, आणि ओळ इतकी सोयीची वाटली की त्यानं ती ऑफिसच्या स्क्रिप्टांतही घातली.

अलर्ट थांबले तसे फोनही कमी झाले. महिन्याकाठी एखादा. बरंय ना? बरंय. ठिपका हिरवा आहे, म्हणजे अण्णा पत्ते खेळताहेत. सकाळी ऑफिसात आल्यावर तो आधी तळाच्या त्या ठिपक्याकडे बघायचा आणि मनातल्या मनात भेट झाल्यासारखं समाधान मानायचा.

दुपारभर दोघांनी मिळून एकेक स्क्रिप्ट दुरुस्त केली. आणखी दोन ठिपके लाल झाले, किरकोळ बिघाड निघाले, निस्तरले. शेवटी तळाचा ठिपका उरला.

“हा कुठला सर्व्हर? ‘अण्णा’?” डेटाबेसवालीनं विचारलं.

“घरचा आहे.”

“मग तोही करून टाक की.”

“करतो.”

तो उठून चहा घेऊन आला. चहा संपला. टेबलावरची वायर उगीचच गुंडाळून ठेवली. एका ओळीचं तर काम होतं, पण हात धजेना. इतके दिवस रोज सकाळी ज्याला भेटत होतो, तो तिथे होता की नव्हता, हे आता कळणार होतं. डेटाबेसवालीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती आपल्या जागेवर निघून गेली.

त्यानं ओळ दुरुस्त केली. ठिपका लाल झाला. लगेच मोबाईल थरथरला. त्यानंच कधीकाळी लिहून ठेवलेला मजकूर होता: अण्णांचा कॉम्प्युटर बंद आहे. फोन कर.

बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“हॅलो, अण्णा? मी.”

“बोल रे!” अण्णांचा आवाज एकदम फुलला. “आज मधेच कसा काय? बरा आहेस ना?”

जिवात जीव आला. “मी बरा आहे. अण्णा, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे का?”



“आहे की.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. थंडी पडायच्या आधीपासून.”

डोक्यावर पंखा गरगरत होता. थंडी जाऊन उन्हाळा लागला होता.

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुला काय सांगायचं? तुला दिसतं ना तिथून.” बोलण्यात खोच कसली ती नव्हती. “सुरुवातीला मी फोन मांडीवर घेऊन बसायचो. म्हटलं, आता करेल. मग म्हटलं, कामात असेल. मध्ये तूच म्हणालास ना, मला इथून सगळं दिसतं, काळजी करू नका. तेव्हा म्हटलं, पोराला माहीत आहे. जमत नसेल. जमेल तेव्हा विचारेल.”



“मला दिसत नव्हतं, अण्णा. माझ्याच हातून बिघडलं होतं ते.”

“बिघडतं रे. मशीनच आहे ते.”

“पण तुम्ही बंद का केलात?”

“हल्ली बसवत नाही त्याच्यापुढे. ये कधीतरी, मग बोलू.”

तो मॅनेजरबाईंकडे गेला आणि घरी चाललोय म्हणाला. कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय काय मागे पडलं ते त्याला सांगता आलं नसतं. अण्णांच्या आवाजाची त्याला एवढी ओढ होती, तरी हाताशी असलेला फोन त्यानं उचलला नव्हता. ठिपका होता ना.

पोचला तेव्हा अंधार पडला होता. दार अण्णांनीच उघडलं. खोलीतल्या दिव्याचा उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला होता, दोघांत हातभरही अंतर नव्हतं. अण्णा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

“कोण आहे?”

“मी, अण्णा.”

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांचा हात पुढे आला, आधी त्याची बाही सापडली, मग खांदा, मग गाल. “वाळलास रे,” ते म्हणाले. “जेवतोस की नाही?”

आत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यावर आईची जुनी ओढणी नीट चारी बाजूंनी खोचून घातलेली. अण्णा भिंतीला हात लावत पुढे झाले आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

“काचबिंदू म्हणाले,” त्यानं विचारायच्या आधीच ते सांगायला लागले. “कडेचं आधीच गेलं होतं, ते मला कळलंच नाही. मग पत्ते ओळखू येईनात. राजा कोण, गुलाम कोण कळेना, तर खेळायचं काय? शेजारच्यांनी नेलं शेवटी डॉक्टरकडे. ते म्हणाले, जरा आधी आला असतात तर काही करता आलं असतं. आता एकटा माणूस एवढ्या लांब जाणार कसा? असो. हातापायांनी ठीक आहे मी.”

तो खुर्चीत बसला. अण्णांनी कान देऊन त्याच्या श्वासाचा अंदाज घेतला.

“मी पण बघ,” ते म्हणाले, “तुला अंधारातच बसवलंय. थांब, दिवा लावतो.”

ते भिंतीपाशी गेले, बटण चाचपून त्यांनी ते दाबलं. खोलीतला दिवा विझला.

“हां,” अण्णा समाधानानं म्हणाले. “आता दिसतंय ना नीट?”

“दिसतंय, अण्णा,” तो म्हणाला. “बसा तुम्ही.”