शितलनं निवडलेली खोली

मित्रांनो, मी एक जुना माड आहे. नारळाचं झाड म्हणून मला पाणी घालायला धावू नका, मी प्लास्टिकचा आहे. पुण्याकडच्या एका शेडमध्ये माझं खोड ओतलं, त्याला झावळ्या चिकटवल्या आणि टेम्पोत आडवं टाकून मला शिरूरला आणलं. स्टँडसमोर हमीदाभाभींचं सहलींचं ऑफिस आहे. तिथल्या काचेमागे मी उभा आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पोरं मला हात लावून बघायची, नवी जोडपी माझ्याखाली फोटो काढायची. आता एक झावळी सुतळीनं बांधलेली आहे आणि बाकीच्यांवर रस्त्याची धूळ बसते. काम मात्र तेच आहे. मी कधी न पाहिलेल्या समुद्राची लोकांना भुरळ घालायची. या कामाचा मला वीट आला आहे, आणि त्याला कारण निमोणे गावचे संपत आणि शितल.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती दोघं आली. भाभींनी त्यांना समुद्रकाठची, फक्त जोडप्यांसाठीची रिसॉर्टं स्क्रीनवर दाखवली. एकदा पैसे भरले की राहणं, खाणं, होडीत फिरणं, सगळं त्यातच. शितलला ते पटेना. निदान आपली ताटं तरी आपणच धुवायची असतील, असं ती म्हणाली. मग तिनं फार मन लावून निवड केली. केरळातलं नको, तिथल्या खोल्यांपासून समुद्र लांब पडतो. अंदमानातल्या एका रिसॉर्टच्या ओसरीवर पडून राहायला झोळी टांगलेली होती, ते तिला आवडलं. खोली तिनं स्वयंपाकघरापासून सगळ्यांत लांबची धरली. आणि हळूच विचारलं,

"भाभी, तिथं पहाटं कुणी उठवत न्हाई ना?"

तारीख काही ठरली नाही. घरी गायी होत्या आणि त्या शितलच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसत. दुसरं कोणी धारेला बसलं की लाथा झाडायच्या, दूध काढायच्या मशीनला बिचकायच्या. संपत हे कौतुकानं सांगायचा आणि शितल कौतुकानं ऐकायची. त्या कौतुकानंच तिला गोठ्यात अडकवलं. दर हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी दोघं यायची, तीच खोली पुन्हा बघायची आणि धारेची वेळ झाली म्हणून लगबगीनं उठायची. पुढच्या वर्षी नक्की, असं भाभी म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायचं. किती मूर्ख होतो मी.

यंदा संपत एकटाच आला. भाभींनी सवयीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि शितल कुठे राहिली, असं विचारलं. दिवाळीआधी तिला ताप आला होता. धारा कोण काढणार, म्हणून तिनं तो अंगावर काढला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. संपतनं हे सगळं खाली बघत सांगितलं. आता ती खोली कुणालाही द्या, एवढं सांगायला तो आला होता.

भाभींनी स्क्रीन बंद केली. मग त्यांनी गायींचं विचारलं.

"मीच बसतो धारंला," संपत म्हणाला. "तिची साडी गुंडाळतो, न धुतलेली. पयल्याच दिवशी पान्हा सोडला, भाभी. गायींना वाटतं, तीच हाय."

मग त्यानं बंद स्क्रीनकडे पाहिलं.

"ती व्हती तवा एकदा बी तसा बसलो न्हाई. बसलो असतो तर आमी जाऊन आलो असतो."

तो उठून गेला. मला तर त्या दिवसापासून कुणाला समुद्राकडे बोलवावंसंच वाटत नाही.

मित्रांनो, मला पुसून स्वच्छ करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यानं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या घरातलं जे काम फक्त आईलाच जमतं असं सगळे म्हणतात, ते आज तिच्याजवळ बसून शिका. ती असताना शिका.