उतारावरची भेट

दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि स्वातच्या खोऱ्यातल्या गावांनी आपली शेतंघरं एकमेकांना देऊन टाकायची, अशी त्या काळी युसुफझई पठाणांची रीत होती. यंदा बख्तमीनाच्या गावाला वरचं खोरं आलं. धुक्यातून बैलांमागे चालताना तिला वाटत होतं, आपण झोपेतच चाललोय, जाग येईल तेव्हा आपल्याच अंगणात असू.

नदीच्या उतारावर, पाणी उथळ होतं तिथे, त्यांच्या जागी राहायला निघालेलं गाव समोरून येताना भेटलं. एका म्हातारीने तिला हटकलं, "कुठलं घर सोडलंस, पोरी?"

"झऱ्याजवळचं. दारात अक्रोड आहे ना, त्याच्यापायी पाय निघत नव्हता."

"अगं, तो मी लावलाय!" म्हातारी हसली. "वीस वर्षांपूर्वी निघाले तिथून, तेव्हा कमरेएवढा होता. धरतो का गं?"

"मेला नुसता लगडतो, आजी."

बख्तमीनाने गाठोडं सोडून ओंजळभर अक्रोड तिच्या ओढणीत घातले. म्हातारीने काठावरच्या दगडावर एक फोडला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिली. थंड पाणी दोघींच्या घोट्यांवरून वाहत होतं.

उरलेल्यांतले चार बख्तमीनाने वेगळे बांधून घेतले. ते वरच्या अंगणात लावायचे होते.