वीस ते चोवीसची पट्टी

युद्धखात्याच्या सचिवांनी पहिली थोबाडीत दिली तेव्हा आकडेबुवांचा चष्मा उडाला, दुसरीला दात. तिसरीला उडवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी लाथ घातली.

आकडेबुवा जनगणना कचेरीतले सगळ्यात जुने सांख्यिक. आपल्या आणि शेजारच्या देशाच्या वयांचे मनोरे शेजारी शेजारी काढायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं इमानेइतबारे केलं. तळाला तान्ही पोरं, शेंड्याला नव्वदीतले म्हातारे, मधे पाच पाच वर्षांची एकेक पट्टी. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदांवर दोन्ही मनोरे जुळ्या भावंडांसारखे होते: खाली ऐसपैस, वर निमुळते. मग शेजाऱ्यांकडे पाळणे हलायचे कमी झाले. त्यांच्या मनोऱ्याचे पाय बारीक झाले, पोट सुटलं, डोकं जड झालं. आपला मात्र मांडी ठोकून बसलेलाच राहिला.

सचिवांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोन्ही मनोरे मंत्र्यांच्या भिंतीसाठी एका चौकटीत मागितले.

"म्हातारडा देश आहे हो हा! वीस ते चोवीसची पट्टी बघा, आपल्या निम्मी. काठ्या टेकत येतील लढायला!"

पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. काठ्या टेकत येणाऱ्यांनी तीन आठवड्यांत आपली दोन शहरं जाळली. कचेरीसमोरच्या शाळेच्या मैदानात ट्रकमधून मुडदे उतरू लागले. कुणाला हात नव्हते, कुणाला चेहरा. खिडकीतून बघताना बुवांच्या लक्षात आलं, सगळे एकाच पट्टीतले आहेत. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली.

मनोरे चौकटीत मावेनात म्हणून बुवांनी स्वतःच कागदांच्या तळाचं बोटभर कापून टाकलं होतं. तिथेच लिहिलं होतं, की पट्ट्या शेकड्याच्या आहेत. आपली माणसं एक कोटी, त्यांची आठ. आपल्या शेकड्यात दहा तरुण, त्यांच्या शेकड्यात पाच. म्हणजे पट्टी निम्मी, पण पोरं चौपट. शेजारी मोठा आहे हे शाळेतलं पोरही सांगेल; पण चौकटीत दोघं एकाच उंचीचे होते, आणि मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर शाळा नव्हती, चौकट होती.

"थांबवा हे, साहेब," बुवा सचिवांना म्हणाले होते. "चूक माझी आहे. परवा माझ्या मुलाची तुकडी निघतेय."

"असं सांगा ना! देश नाही, पोरगं दुखतंय." त्यानंतर ते थोबाडीतलं झालं. "बाहेर बोललात तर भिंतीला उभं करून गोळी घालीन."

घरी मुलगा बुटांना पॉलिश करत होता. वय एकवीस.

"बाबा, कुणी मारलं? नाव सांगा, फोडतो त्याला."

बुवांनी नाव सोडून सगळं सांगितलं. मुलगा ऐकून उठलाच.

"ते चौपट आहेत, आणि मी घरी बसू? मग तर जायलाच हवं."

"मरशील रे."

"सगळे मरतायत, बाबा. मी काय लाडका लागून गेलोय?"

दारातून आईनं हे ऐकलं. तिनं खिडक्या लावल्या, रेडिओ मोठा केला आणि अवजारांच्या पेटीतला हातोडा आणून नवऱ्याच्या हातात दिला. बुवांनी आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. ते खातं तिच्याकडे होतं.

मुलगा बूट चढवून नाडी बांधायला वाकला तेव्हा बुवांनी घाव घातला. तो नडगीवर निसटता बसला. मुलगा गुरासारखा ओरडला आणि त्यानं बापाचा गळा धरला. आई मागून झेपावली, त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर बसली.

"आई, सोड! ह्यांना वेड लागलंय!"

"हो रे बाळा," ती म्हणाली, आणि नवऱ्यावर खेकसली, "बघताय काय? अजून चालेल तो. गुडघ्यावर हाणा!"

बुवांनी हाणला. ह्या वेळी हाड मोडलेलं तिघांनीही ऐकलं.

मग बुवा गुडघा चाचपू लागले, तर मुलानं दुसऱ्या पायानं त्यांच्या तोंडावर लाथ मारली. सणसणीत बसली. बुवा भिंतीवर जाऊन आदळले, आणि त्यांना बरं वाटलं. एक पाय अगदी शाबूत राहिला होता.