छताचं बटण काकांकडे

रायापूरच्या थांब्यावर आमची चिगरी, म्हणजे इथली जलद सिटी बस, थांबली आणि खिडकीतून मला दिसलं, की पलीकडच्या गॅरेजसमोर एका निळ्या कारचं छत आपोआप उठून उभं राहिलंय.

शप्पत. आणि कापडाचं नव्हे हं, चांगलं पत्र्याचं छत! आधी डिकीचं झाकण उलट्या बाजूनं उघडलं. मग छत मधोमध मोडलं, आई इस्त्रीच्या साडीची घडी घालते तसे त्याचे भाग एकावर एक बसले आणि सगळं मागे सरकत डिकीत गेलं. वरून झाकण बंद. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आत्ता जिथे कार होती तिथे आता चार खुर्च्या होत्या आणि वर सगळं आकाश.

माझ्या तोंडून "काका!" असं निघालं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पण मी काकांना हाक मारली नव्हती, मला काका आठवले होते. बसची दारं मिटायच्या आत मी दप्तर घेऊन खाली उडी मारली.

गेल्या वर्षीची मी असते तर उतरलेच नसते. तेव्हा मला दुकानात पेन्सिल हवी असली तरी मी ती आईच्या कानात मागायची. यंदा ऑगस्टमध्ये शाळेच्या सभेत सूत्रसंचालन करायला उभी राहिले, आणि तेव्हापासून माझा आवाज बाहेर आलाय तो आत जायचं नाव घेत नाही, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणतात.

गॅरेजवाल्याचं नाव हणमंत. तो फडक्यानं आरसा पुसत होता.

"अण्णा, ही गाडी विकायची आहे?"

त्यानं माझा शाळेचा गणवेश वरपासून खालपर्यंत पाहिला. "कुणाला? तुला?"

"माझ्या काकांना."

"वय काय काकांचं?"

"सदुसष्ट."

"अय्यो!" तो हात पुसत सरळ उभा राहिला. "मग विकायची आहे की. सहा महिने झाले, कॉलेजची पोरं नुसती फोटो काढून जातात."

मग त्यानं मला सगळं दाखवलं. गाडी सतरा वर्षांची, परदेशी बनावटीची. दोन सीटांच्या मध्ये एक बटण. छत उघडायला ते ओढून धरायचं, लावायला दाबून धरायचं. सोडलं की छत असेल तिथे थांबतं. गाडी उभी असतानाच हे चालतं. आणि डिकीत एक आडवा पडदा आहे, तो नीट ओढलेला नसला तर छत हलतच नाही, कारण छताला बसायला तेवढीच जागा. मी ते सगळं भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

आता काकांचं सांगते, म्हणजे मी का उडी मारली ते कळेल.

जयतीर्थकाका माझ्या अप्पांचे थोरले भाऊ. केलगेरीला आमच्याकडेच असतात. ते सरकारी कचेरीत होते तेव्हाची गोष्ट, माझ्या जन्माच्याही आधीची. एका शनिवारी संध्याकाळी ते रेकॉर्ड रूममध्ये जुनी फाइल शोधत होते आणि बाहेरून कुणीतरी कुलूप लावलं. ते सोमवारी सकाळी उघडलं. काका बाहेर आले, पाणी प्यायले, हजेरीपत्रकावर सही केली आणि चालत घरी आले. त्या दिवसापासून ते कुठल्याही बंद गोष्टीत बसलेले नाहीत. बस नाही, कार नाही, लिफ्ट नाही. आमच्या बाथरूमच्या दारालाही ते कडी लावत नाहीत, नुसतं लोटतात आणि आत असेपर्यंत मोठमोठ्यानं भजन म्हणतात. भजन ऐकू आलं की तिकडे जायचं नाही, हे मला बोलता यायच्या आधीपासून कळतं.

त्यांचं अडत काहीच नव्हतं, कारण स्कूटर होती. दर भाऊबीजेला स्कूटरवरून ते हुबळीला देशपांडे नगरात वेणूआत्याकडे जायचे. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. पण यंदा मार्चमध्ये त्यांच्या मणक्याची चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद, रिक्षा नको, जीप तर नकोच, धक्के बसता कामा नयेत. कारनं मात्र खुशाल फिरा.

"वा," काका म्हणाले, "नेमकी तेवढीच एक सोय मला चालत नाही."

आणि वेणूआत्याचे गुडघे असे, की ती दोन वर्षांत पहिल्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. म्हणजे ती उतरत नाही आणि हे वीस किलोमीटर जाऊ शकत नाहीत. रोज व्हिडिओ कॉल होतो, पण काका फोन असा धरतात की तिला फक्त त्यांचं कपाळ दिसतं.

"जयू," ती परवा म्हणाली होती, "तुझं कपाळ मला पाठ झालंय. ओवाळायला तेवढं पुरे आहे म्हणा. पण फोनला कुंकू लावू का आता?"

काका हसले. मग फोन ठेवून बराच वेळ अंगणात उभे राहिले. मी पाहिलं ते.

तर घरी येऊन मी सगळं एका दमात सांगितलं. अप्पा वकील आहेत, त्यांनी लगेच उलटतपासणी सुरू केली. "तुला काकांची काळजी आहे, की त्या गाडीतून मिरवायचंय?"

"दोन्ही!" मी म्हणाले. "त्यात काय चुकलं?"

काका मात्र एवढंच म्हणाले, "पूर्ण उघडतं? वर काहीच राहत नाही?"

"काहीच नाही काका. आकाश."

"येऊ दे त्या गॅरेजवाल्याला दिवाळीच्या पाडव्याला. बघू."

पाडव्याच्या सकाळी हणमंतण्णा गाडी घेऊन आमच्या दारात आला. धूळ नको म्हणून त्यानं छत लावून आणली होती. काका पायरीवर उभे होते, नव्या सदऱ्यात, हात मागे बांधून. बंद गाडी बघूनच त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

"नोडी सर, बघा हं," म्हणत हणमंतण्णानं बटण ओढलं.

टीं.

पुन्हा ओढलं. टीं टीं. छत ढिम्म.

"सकाळी तर चाललं होतं की हो!" त्याच्या कपाळावर घाम आला. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटी साक्ष दिली होती.

काका हळूच म्हणाले, "राहू दे रे हणमंता. मी आत असतो आणि असं अडकलं असतं तर?" आणि ते वळून घरात जायला लागले.

 मग एकदम भूगोलाची वही आठवली. "डिकी! डिकी उघडा!"

हणमंतण्णा उघडेना. "डिकीत काही नाही."

"उघडा हो!"

उघडली. आतला पडदा एका बाजूला ढकललेला आणि मधोमध, अप्पांच्या डोक्याएवढा एक कोहळा बसलेला. नव्या गाडीची पूजा करून फोडतात ना, तो.

"सौदा ठरायच्या आधीच कोहळा?" अप्पा म्हणाले.

हणमंतण्णा लाजून हसला. "पाडवा आहे सर. म्हटलं, ठरलंच तर परत बाजारात कशाला जायचं. येताना घेतला."

आई इतकी हसली की तिला कट्ट्यावर बसावं लागलं. मी कोहळा उचलून बाहेर ठेवला, पडदा ओढून अडकवला. हणमंतण्णानं बटण ओढून धरलं.

मी ते आधी पाहिलेलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.  झाकण उघडलं, छत उठलं, मोडलं, मावलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या कुसुमावतीबाई हातात ओली चादर घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

काका पायऱ्या उतरून आले. जिथे छत होतं तिथल्या हवेतून त्यांनी हात फिरवला, इकडून तिकडे. "इथेच होतं ना ग, उत्तरा?"

"इथेच होतं."

ते सावकाश वाकून आत बसले. वर पाहिलं. बराच वेळ खाली बघेचनात.

"घेऊ या," ते म्हणाले. "अट एकच. मी आत असताना हे झाकायचं नाही."

"नाही झाकणार," मी म्हणाले. कोहळा लगेच कामी आला.

भाऊबीजेला आम्ही निघालो. अप्पा गाडी चालवत होते, काका पुढे, मांडीवर पेढ्यांचा डबा आणि आत्याची साडी. मी मागे, पाय दुमडून, कारण मागची सीट माणसांसाठी केलेली नाही, एखाद्या मांजरासाठी असेल. पण मला काही वाटत नव्हतं. वारा तोंडात जात होता. चिगरी बस शेजारून गेली तेव्हा आतली सगळी माणसं एका बाजूला आली. एक आजोबा तर हात जोडून नमस्कार करत होते, का कुणास ठाऊक.

काका रस्त्याकडे बघतच नव्हते. "सुधींद्रा, या रस्त्याला एवढी झाडं आहेत?"

"पहिल्यापासून आहेत," अप्पा म्हणाले.

"स्कूटरवर मला खड्डेच दिसायचे." मग जरा वेळानं, "घारी बघ. एक, दोन... तीन आहेत."

रायापूरला हणमंतण्णाच्या गॅरेजसमोर अप्पांनी हॉर्न वाजवला. तो धावत बाहेर आला आणि हात हलवत राहिला.

उणकलच्या तळ्याजवळ आलो आणि वरचा उजेड गेला. दिवाळीत पाऊस येत नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलेलं होतं, पावसाला ते माहीत नव्हतं. टपोरे थेंब आले. अप्पांनी गाडी बाजूला घेतली. मी छत्री उघडली ती वाऱ्यानं उलटी झाली. काकांनी साडी सदऱ्याच्या आत घातली, डब्यावर दोन्ही हात ठेवले.

"परत फिरू या का?" अप्पांनी विचारलं.

काकांनी मागे पाहिलं, मग पुढे. मागे केलगेरी, पुढे देशपांडे नगर. पुढचं जवळ होतं. त्यांच्या भुवयांवरून पाणी गळत होतं.

मी झाकणार नाही असा शब्द दिला होता. पण ते झाकू शकत होते की!

"काका, बटण दाबून धरलं तरच ते चालतं. सोडलं की थांबतं. असेल तिथे."

"कुणी धरायचं?"

"तुम्ही. दुसऱ्या कुणी हातच लावायचा नाही."

"अर्ध्यात सोडलं तर?"

"अर्ध्यात उभं राहील."

"आणि सगळे भिजू," अप्पा म्हणाले.

"तू गप्प बस रे. भिजलेलाच आहेस."

काकांनी बोट ठेवलं. मागे झाकण उघडलं, छत वर आलं, आमच्या डोक्यांवर त्याची सावली पडली. काकांनी बोट काढलं. ते भलंमोठं छत पावसात तसंच उभं राहिलं. रस्त्यावरच्या गाड्या हळू झाल्या. काकांनी बटण उलट्या बाजूला ओढलं, छत परत मागे गेलं. सगळं. त्यांनी श्वास सोडला.

"ऐकतं ग," ते मला म्हणाले. "ऐकतं खरंच."

मग त्यांनी डोळे मिटले, मोठ्या आवाजात भजन सुरू केलं आणि बटण दाबून धरलं. अप्पांनीही सूर लावला, बेसूर. मीही लावला. छत आलं, उलगडलं, समोरच्या काचेच्या कडेला येऊन टेकलं. टक्. पाऊस एकदम बाहेर गेला आणि पत्र्यावर वाजायला लागला. इतका मोठा आवाज आणि आत आम्ही तिघं ओली माणसं, गाणारी.

"चल," काका दोन ओळींच्या मध्ये म्हणाले.

तिथून देशपांडे नगरापर्यंत ते थांबले नाहीत. सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला वाकून काचेतून बघत होता. काकांचं बोट पूर्ण वेळ बटणावर होतं. गाडी पळत असताना ते बटण काही करत नाही, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी ते काकांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

आत्याच्या घरापाशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. ती पहिल्या मजल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट. आमच्या गाडीवरून तिची नजर सरळ पुढे गेली, कोपऱ्यापर्यंत. ती स्कूटरच शोधत होती. चाळीस वर्षांची सवय.

अप्पा आणि मी उतरून बाजूला झालो. काकांनी बटण ओढलं.

आम्ही ते समोरून पाहिलं होतं, ती तर वरून बघत होती. तिच्या पायांखाली एका निळ्या गाडीचं छत उठलं, मोडलं, नाहीसं झालं, आणि आत तिचा धाकटा भाऊ बसला होता, भिजलेला, वर बघत.

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. ताटातलं निरांजन कलंडता कलंडता तिनं सावरलं.

"जयू!"

"आलो ग, वेणूअक्का."

"अरे, पूर्ण आलास! मला वाटलं नुसतं कपाळ पाठवशील."  तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला. "थांब, थांब. उतरू नकोस. डोळ्यांतल्या पाण्यानं मला नीट दिसलं नाही. ते परत झाक बघू."

"अग, आधी ओवाळ तरी."

"ओवाळते रे, कुठे पळतेय मी. झाक म्हणते ना!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार धरून उभी होते. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच ओढून लावलं. मग बटण दाबून धरलं. छत उठलं, उलगडलं, त्यांच्यावर येऊन बसलं. टक्.

गल्लीत सगळं शांत होतं. मी गाडीला कान लावून ऐकलं.

आत भजन चालू नव्हतं.